किल्ली कोणाकडे असते?

यंदा मार्चच्या अखेरीस मी मुलुंडहून जपानला निघाले, ती लेकीला भेटायला, असे सर्वांना सांगून. खरा हेतू निराळा होता. तिला समजावून, जमल्यास थोडे रडून, परत आणायचे असा बेत मी मनाशी पक्का केला होता. त्र्याहत्तराव्या वर्षी, गुडघ्यांची तक्रार असताना, माणूस उगाच एवढा लांबचा प्रवास करीत नाही.

माझी लेक इंग्रजी शिकवते. इकडच्या शाळेत शिकवीत असतानाच संध्याकाळी जपानी भाषेचे वर्ग करीत होती. जपानमध्ये पाचवी-सहावीच्या मुलांसाठी इंग्रजी हा २०२० पासून रीतसर विषय झाला. त्याच्या थोडे आधी, २०१९ साली, साहाय्यक शिक्षिका म्हणून ती शोदोशिमा नावाच्या बेटावर रुजू झाली. तिचे वडील तेव्हा होते. तिच्या बॅगेचा पट्टा त्यांनीच आवळून दिला होता.

२०२१ च्या मे महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, ते गेले. त्याच महिन्यात जपानने भारतातून परतणाऱ्या परदेशी रहिवाशांना दार बंद केले होते. ती आली असती तर परत कधी जाता येईल याचा नेम नव्हता. मीच फोनवर म्हटले, "येऊ नकोस." ती आली नाही. मी सांगितले म्हणून ती आली नाही, आणि तरीही ती आली नाही हा सल चार वर्षे माझ्या मनात राहिला. हे मी कधी कोणाला सांगितले नव्हते. आपण मुलांना जे तोंडाने सांगतो आणि जे मनातून मागतो, त्यांत किती अंतर असते!

प्रवासाच्या तयारीतील एक गोष्ट वाचकांच्या उपयोगाची आहे, म्हणून सांगते. जपानमध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे आपल्यापुरती एक महिन्याची नेता येतात. त्याहून अधिक न्यायची असतील तर तेथील आरोग्य खात्याचे प्रमाणपत्र आधी मागवावे लागते. माझा मुक्काम नव्वद दिवसांचा, आणि रक्तदाबाची गोळी रोजची. लेकीने माझ्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडून ते प्रमाणपत्र आधीच मिळवले होते. सर्दीपडशाच्या काही गोळ्याही तिथे चालत नाहीत. म्हणून सवयीने पर्समध्ये पडलेल्या पट्ट्या तिने व्हिडिओ कॉलवर एक-एक करून बाहेर काढायला लावल्या. त्या वेळी मला हा जाच वाटला होता.

टोकियोहून आगगाडीने ताकामात्सु, आणि तिथून तासाभराच्या बोटीने तोनोशो बंदर. शोदोशिमाला पूल नाही. बेटाचे क्षेत्रफळ १५३ चौरस किलोमीटर, आणि वस्ती जेमतेम पंचवीस हजारांच्या आसपास. बोटीतून उतरताना माझ्या पुढे-मागे बहुतेक सगळी पांढरी डोकी होती. मी लेकीला म्हटले, "हे बेट म्हणजे आमचा ज्येष्ठ नागरिक संघच दिसतोय." ती हसली. म्हणाली, "आई, तूही बेटावरच राहतेस." खरेच आहे. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली ही सारी साष्टी बेटावर वसलेली आहेत. मिठागर रोडला इतकी वर्षे राहून मी ते विसरले होते. पाणी दिसेनासे झाले की बेटाचे बेटपण संपते, एवढाच काय तो फरक.

या बेटाची जपानभर ओळख आहे ती एका शिक्षिकेमुळे. साकाए त्सुबोई या बेटावर जन्मलेल्या लेखिकेची 'चोवीस डोळे' या अर्थाच्या नावाची कादंबरी १९५२ साली आली, आणि दोनच वर्षांनी केइसुके किनोशिता यांनी तिच्यावर चित्रपट काढला. नवी बाई सायकलवरून येते. पहिलीच्या वर्गात बारा मुले, म्हणून चोवीस डोळे. गावाला ही बाई आधी पसंत पडत नाही. पुढे मुलांच्या खोडीने तिचा पाय दुखावतो आणि ती शाळेत येईनाशी होते, तेव्हा ती चिमुकली मुले घरी न सांगता तिला भेटायला चालत निघतात. लेकीने तो जुना चित्रपट मला पहिल्याच रविवारी दाखवला. मी एकतीस वर्षे मराठी शिकवले आहे. ती मुले रस्त्यात भुकेने रडू लागली तिथे मला पुढचे दिसेना.

लेकीचे घर लाकडी, दोन खोल्यांचे. दाराशी चपला काढायची खोलगट जागा आणि तिथून वर चढायला उंच पायरी. त्या पायरीजवळच्या खिळ्याला तीन किल्ल्या टांगलेल्या होत्या. एक घराची, एक सायकलीची. तिसरी कसली, असे मी विचारले, तेव्हा ती घाईत होती, राहून गेले.

पहिले दोन आठवडे मी तिच्या एकटेपणाचे पुरावे गोळा करीत होते. एकच ताट, एकच उशी, बेटावर कोणी मराठी बोलणारे नाही. परंतु पुरावे उलट बाजूनेच जमू लागले. सकाळी दार उघडावे तर उंबऱ्यावर मुळ्याची जुडी किंवा चार संत्री. कोणी ठेवली, नाव नाही. लेक मात्र कागदाच्या घडीवरून ओळखायची. मासळीची गाडी घेऊन येणारा गृहस्थ आम्ही मासे घेत नाही हे ठाऊक असूनही आमच्या दाराशी थांबून हवामान सांगायचा. एप्रिलच्या सुरुवातीला शाळेत नव्या मुलांचा प्रवेशसोहळा झाला. कोट घातलेली इवलीशी मुले, रडवेल्या आया, आणि कोपऱ्यात उभी माझी लेक, जिला सगळे 'सेन्सेई' म्हणत होते. या शब्दाची अक्षरे सुटी केली तर 'आधी जन्मलेला' असा अर्थ होतो, हे तिने मला सांगितले. मग तर सेन्सेई मीच जास्त!

शेजारी एक शहाऐंशी वर्षांच्या बाई एकट्या राहत. लेक त्यांना ओबाआसान, म्हणजे आजी, म्हणे. मीही तेच म्हणू लागले. मी निवृत्त शिक्षिका आहे हे कळल्यावर त्या मला सेन्सेई म्हणू लागल्या. आमच्या दोघींत समान शब्द एवढे दोनच. रोज सकाळी साडेसहाला त्या रेडिओ लावून अंगणात उभ्या राहत. रेडिओवरील ही कवायत जपानमध्ये १९२८ पासून चालत आली आहे. मध्ये युद्धानंतर खंड पडला. आजचा क्रम १९५१ चा. पियानोच्या तालावर दहा मिनिटे हात वर, हात बाजूला, कंबर वळवणे, थोड्या उड्या. ज्यांना उभे राहणे जमत नाही त्यांच्यासाठी खुर्चीत बसून करायचा प्रकारही आहे. तिसऱ्या दिवशी ओबाआसानने माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली. कोणी बोलावले नाही, कोणी आग्रह केला नाही. खुर्ची ठेवली, बस. दीर्घायुष्याचे जपानी रहस्य सांगणारी पुस्तके हल्ली आपल्याकडे पुष्कळ खपतात. त्यांतला 'इकिगाई' हा शब्द मी तीन महिन्यांत एकदाही कोणाच्या तोंडून ऐकला नाही. खुर्ची मात्र रोज होती.

त्यांच्या आहाराचे कौतुक जगभर होते, तेव्हा दुसरी बाजूही लिहायला हवी. तिसऱ्या आठवड्यात माझा वरचा रक्तदाब १३४ वरून १५८ वर गेला. गोळी चुकली नव्हती. मुलुंडच्या डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "खाता काय?" मग हिशेब मांडला. सकाळी मिसोचे सूप, दुपारी लोणच्याचे काप आणि खारवलेले उमेबोशी, संध्याकाळी सोया सॉसमध्ये बुडवून शेवया. शोदोशिमा सोया सॉससाठीच प्रसिद्ध. लाकडी पिंपांत तो मुरवण्याची परंपरा तिथे सुमारे चारशे वर्षांची. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ खावे म्हणते. जपानी माणसाच्या पोटात सरासरी १० ग्रॅमच्या आसपास जाते. मिठागर रोडची बाई मिठानेच फसली! सूप एका वाटीवर आणले, सॉस बुडवण्याऐवजी टोक लावण्यापुरता ठेवला, आणि दोन आठवड्यांत आकडा पूर्वपदावर आला. गोळीत आम्ही स्वतःच्या मनाने काहीही बदल केला नाही. ओबाआसानकडे रक्तदाबाची वही होती: उठल्यावर, गोळी व न्याहारीच्या आधी, दोन मिनिटे शांत बसून घेतलेला आकडा, रोजचा, कित्येक वर्षांचा. तशी वही मी आता ठेवते. डॉक्टरही ती पाहून खूश होतात. त्यांचा वेळ वाचतो.

तेथील शेवया, ज्यांना ते सोमेन म्हणतात, मी मोहरी-हिंगाची फोडणी देऊन उपम्यासारख्या केल्या. ओबाआसानने बशीभर खाल्ल्या आणि पिवळ्या का, एवढेच विचारले.

मंगळवारी आणि शुक्रवारी एक छोटी गाडी येऊन त्यांना दिवसभराच्या केंद्रात घेऊन जाई. तिथे आंघोळ, जेवण, व्यायाम, गप्पा. जपानमध्ये २००० सालापासून दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा आहे. चाळिशी ओलांडली की प्रत्येकाने हप्ता भरायचा. गरज लागली की घरी माणूस येऊन तपासतो: स्वतः उठता येते का, नखे कापता येतात का, तारीख सांगता येते का. त्यावरून पायरी ठरते. थोड्या आधाराच्या दोन पायऱ्या, पूर्ण शुश्रूषेच्या पाच. ठरलेल्या सेवांच्या खर्चाचा दहावा हिस्सा बहुतेकांनी स्वतः द्यायचा. उत्पन्न जास्त असेल तर अधिक. घरात आधाराच्या दांड्या बसवणे, उंबरा काढणे, अशा कामांसाठी दोन लाख येनपर्यंतचा खर्च त्यात धरतात. ओबाआसानच्या दाराशी, संडासात, न्हाणीत, सगळीकडे अशा गुळगुळीत लाकडी दांड्या होत्या. आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले, ही मोठीच गोष्ट. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यानंतरचे. न्हाणीघरात पाय घसरण्याच्या आधीच्या क्षणासाठी आपल्याकडे अजून स्वतःचा हातच.

आणि इथेच मला माझ्या लपवलेल्या गोष्टीकडे यावे लागते.

मेच्या मध्यावर मुलुंडच्या शेजारच्या वहिनींचा फोन आला. लेकीने तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला होता. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि वहिनी म्हणाल्या, "आणि हो, त्या पडण्यानंतर आता कंबर कशी आहे हो तुमची?"

लेकीने माझ्याकडे पाहिले.

जानेवारीत मी न्हाणीघरात पडले होते. हाड मोडले नाही, पण उठता येईना. कामाच्या मावशी आल्या, त्यांच्याकडे किल्ली होती, पण मी आतून कडी लावलेली. बाहेर त्या हाका मारताहेत, वहिनी आल्या आहेत, आणि मी ओल्या फरशीवरून बसल्या-बसल्या सरकत दारापर्यंत पोचायला चाळीस मिनिटे घेते आहे. दुसरी किल्ली होती, ती घरातच, देवघराच्या खणात. त्या रात्री लेकीचा फोन आला तेव्हा मी म्हटले होते, "सगळे छान आहे, थंडी मस्त पडली आहे."

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत गेली. संध्याकाळी तिने माझ्यासमोर एक कागद ठेवला. जपानी अक्षरे मला येत नाहीत, पण काय लिहिले असेल ते कळले. मार्चमध्ये करार संपला की नूतनीकरण नको, असे शिक्षण मंडळाला कळवायचे पत्र होते. "बाबांच्या वेळी मी आले नाही," ती म्हणाली. "पुन्हा तसे नको."

मी काय केले? मी "बरं" म्हटले. खोटे कशाला सांगू, मला आनंद झाला. ज्यासाठी आले होते ते न रडता मिळाले. दोन दिवस मी मनातल्या मनात तिची खोली लावीत होते, तिचे जुने कपाट कुठे हलवायचे ते ठरवीत होते.

तिसऱ्या दिवशी शुक्रवार होता. केंद्राची गाडी आली, पण ओबाआसान बाहेर आल्या नाहीत. चालकाने आमचे दार वाजवले. लेकीने खिळ्यावरची तिसरी किल्ली उचलली आणि अनवाणीच धावली. बाईंना रात्री ताप भरला होता, त्या अंथरुणात होत्या; फार काही नव्हते. पण मी दारात उभी राहून पाहत होते. माझी लेक त्यांना आधार देऊन बसवत होती, घोटाघोटाने पाणी पाजत होती, हळू आवाजात काही सांगत होती. एक हात पाठीमागे, एक कोपराखाली. ते तिला कोणी शिकवले? मला हेवा वाटला. राग म्हणा हवे तर. हे हात माझ्या घरी, त्या मे महिन्यात, हवे होते, असे मनात आले, आणि पहिल्यांदाच ते मी तिला त्या रात्री बोलूनही दाखवले. ती रडली. मीही. "तू नको म्हणालीस," ती म्हणाली. "हो," मी म्हटले, "पण तू यायला हवे होतेस." यातले कोण बरोबर हे ठरवायचा आम्ही प्रयत्न केला नाही. बोलून झाले एवढेच.

ओबाआसान बऱ्या झाल्यावर आम्ही त्यांच्याकडे गेलो. लेकीने त्यांना माझ्या पडण्याचे सांगितले असावे. त्यांनी तिच्यामार्फत मला विचारले, "सेन्सेई, तुमच्या घराची किल्ली कोणाकडे असते?" त्यांचा मुलगा ओसाकात नोकरीला. मेच्या सुट्टीत दोन दिवस येऊन गेला होता, दर वर्षीप्रमाणे चला म्हणाला होता, आणि दर वर्षीप्रमाणे त्या नाही म्हणाल्या होत्या. त्यांची एक किल्ली माझ्या लेकीकडे, दुसरी मासळीवाल्याकडे. मी खरे उत्तर दिले: एक मावशींकडे, एक देवघरात. लेकीने भाषांतर केले. ओबाआसान तोंडावर हात ठेवून इतक्या हसल्या की त्यांना खोकला लागला.

त्या रात्री आम्ही दोघी कागद घेऊन बसलो. मला जपानमध्ये कायम ठेवून घेण्याचा मार्ग नव्हता. नोकरीवाल्यांना जोडीदार आणि मुले सोबत ठेवता येतात, आई-वडिलांसाठी सर्वसाधारण तरतूद नाही. म्हणजे एक तर ती येणार, नाही तर मी एकटी राहणार. तर मग एकटीने राहायचे कसे, हे नीट लिहून पाहू या, असे ती म्हणाली. ती शिक्षिका आहे. तिने तक्ताच आखला. किल्ली वहिनींकडे एक, घाटकोपरच्या भाच्याकडे एक. आतली कडी कायमची काढून टाकायची, फक्त किल्लीने उघडणारे कुलूप ठेवायचे. न्हाणीत आणि संडासात दांड्या, त्याही टॉवेलच्या नव्हेत, वजन पेलणाऱ्या, भिंतीत पक्क्या बसवलेल्या. पायाखाली न सरकणारी जाळीची चटई. फोन न्हाणीघरात नेताना हाताच्या अंतरावर, खाली, स्टुलावर. औषधांची यादी आणि रक्तगट फ्रिजच्या दारावर. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक त्याखाली. आणि रोज सकाळी सातपर्यंत माझ्या चहाच्या कपाचा फोटो तिघांना: लेक, वहिनी, भाचा. साडेसातपर्यंत फोटो आला नाही तर वहिनींनी बेल वाजवायची.

शेवटची अट माझी होती. यापुढे कोणीही कोणाला "सगळे छान आहे" एवढेच सांगायचे नाही.

त्या पत्राचे काय, ते तिने मला विचारले. मी म्हटले, यंदा देऊ नकोस. पुढच्या जानेवारीत पुन्हा बोलू. मोठेपणा म्हणून नव्हे. तक्ता चालतो का ते आधी पाहायला हवे होते. पत्र तिच्या खणात आहे, फाडलेले नाही.

जूनअखेर मी परतले. दांड्या बसवायला आलेल्या माणसाने टॉवेल रॉडचेच दोन नमुने आणले होते. त्याला परत पाठवले, तेव्हा कुठे योग्य त्या मिळाल्या. जुलैत एका सकाळी माझ्या फोनची बॅटरी संपली आणि मला पत्ता नाही. सात पंचेचाळीसला वहिनी, मावशी, वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक अधिकारी आणि त्यांचा नातू, एवढे सगळे माझ्या स्वयंपाकघरात उभे होते, आणि मी पोहे परतत होते. भाचा घाटकोपर स्टेशनवर गाडीत चढला होता. तो मुलुंडला उतरूनच मानला आणि पोहे खाऊन कामावर गेला.

झोप अजून नीट लागत नाही. बरेचदा पहाटे तीनला जाग येते. पूर्वी त्या वेळी छताकडे पाहत पडून राहायचे. आता आठवते की तिकडे साडेसहा झाले, रेडिओ लागला असेल. पलंगाच्या कडेला बसून मी हात वर करते, बाजूला नेते, जमेल तेवढे वळते, आणि मग पुन्हा आडवी होते.

डिसेंबरच्या सुट्टीत लेक येणार आहे. ते पंधरा दिवस ओबाआसानची किल्ली कोणाकडे ठेवायची, याची तिकडे आतापासून चर्चा चालू आहे. मासळीवाल्याकडे एक आहेच, पण ओबाआसानला दुसरी शाळेच्या मुख्याध्यापकांकडे द्यायची नाही. ते फार बोलतात म्हणे.